मेडिकल 'फिट' पोरं निवडायला आहे, की पोरं फिट ठेवायला?

आपल्याकडे भोसरी, तळवडे, चाकणमध्ये पस्तीस-चाळिशीतला कामगार अचानक गेला की दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, 'नशीब'. दुसरं, 'वडापाव आणि तंबाखू, दुसरं काय!' चौकात फ्लेक्स लागतो आणि लाईनवर त्याच्या जागी दुसरा पोरगा उभा राहतो. मला ही दोन्ही वाक्यं मान्य नाहीत.

हृदय एका रात्रीत मोठं होत नाही. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. आधी त्याची भिंत जाड होते, मग ते ताणून सैल पडतं आणि पंप कमजोर होतो. 'हृदय मोठं झालंय' हा स्वतः आजार नाही, खूण आहे. मागे बीपी असेल, तुंबलेल्या रक्तवाहिन्या असतील, खराब झडप, दारू, थायरॉईड किंवा रक्ताची कमतरता असेल. कारण वेळेत सापडलं तर औषधाने हृदय सावरतं, काहींचं तर बरंचसं पूर्ववत होतं. म्हणजे हाताशी वर्षं असतात. ती वाया कोण घालवतं, हा माझा प्रश्न आहे.

छातीच्या एक्स-रेत हृदयाने छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त जागा घेतली असेल तर डॉक्टरांना शंका येते. मग ईसीजी आणि इको. आता सांगा, जॉइनिंगच्या मेडिकलला एक्स-रे, बीपी झालेले किती जण इथे आहेत? आणि तो रिपोर्ट स्वतःच्या हातात किती जणांना मिळाला? फिट असेल तर कागद फाईलला, अनफिट असेल तर पोरगा गेटबाहेर. हवा तो माणूस निवडायला तपासणी होते, त्याला जपायला नाही. म्हणून पोरंही बीपी लपवतात. त्यांची चूक काढण्याआधी त्यांची भीती बघा.

त्यात सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजच्या कामाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणे. ठेक्यावरचा पोरगा 'नाही' म्हणेल? बाराचे पाच दिवस म्हणजे 60 तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्येच सांगितलंय : आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्याला, 35-40 तासवाल्यापेक्षा हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्के आणि पक्षाघाताचा 35 टक्के जास्त. हा वडापावचा हिशोब नाही, शिफ्टचा आहे.

'कंपनी म्हणजे दवाखाना नाही, असं बोलाल तर उद्योग गुजरातला जातील' असं काही जण म्हणतील. अहो, बीपीचं मशीन दोन-तीन हजारांत येतं. त्यामुळे कुठला प्लांट हलत नाही. नव्या कामगार संहितेत चाळिशीवरच्यांना वर्षातून एकदा मोफत तपासणी आहे, चांगलंच आहे. पण नाइट करणाऱ्याचं बीपी चाळिशीची वाट बघत थांबत नाही.

आता हक्काचं, नीट वाचा. ईएसआयमध्ये आजारपणात वर्षाला 91 दिवस 70 टक्के पगार मिळतो. हृदय निकामी होणं, हृदयाच्या स्नायूंचा आजार हे दीर्घ आजारांच्या यादीत आहेत. त्यासाठी 80 टक्के पगार दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. अट आहे सलग दोन वर्षं नोकरी आणि पुरेशी भरलेली वर्गणी. ब्रेक देणारा, वर्गणी कापून न भरणारा ठेकेदार नेमकं हेच हिरावून घेतो. ठेकेदार बदलला तरी आपला जुनाच विमा नंबर द्या, नवा काढू देऊ नका.

आणि आपल्या हातातलं : जिना चढताना नव्याने दम लागतोय, आडवं झाल्यावर दोन उशा लागतायत, संध्याकाळी पायावर मोज्याची खूण खोल उमटतेय, तर 'गॅस' म्हणून सोडू नका. मोहननगरचं ईएसआय हॉस्पिटल किंवा वायसीएम गाठा. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद करू नका, ते गोळीमुळेच नॉर्मल आहे. कंबरदुखीला मेडिकलमधून रोज पेनकिलर घेऊ नका, त्याने शरीरात पाणी साठतं आणि कमजोर हृदयावर भार येतो. दिवसभराचं मीठ एक चमचा, 5 ग्रॅमच्या आत. हृदयाचा आजार निघालाय आणि तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, तर लगेच डॉक्टर.

मागणी साधी आहे. मेडिकलचा रिपोर्ट कामगाराच्या हातात, त्याला कळेल अशा भाषेत द्या. प्रत्येक गेटवर महिन्याला बीपी तपासा, ठेक्यावरच्यांचंही. दोष निघाला तर नाइट बंद करा, नोकरी नाही. मशीनचा आवाज बदलला तर मेंटेनन्सवाला धावत येतो. माणसाचा श्वास बदलला तर निदान एक्स-रे तरी दाखवा.

पटलं तर आपल्या लाईनच्या ग्रुपवर टाका.