कुपात मेला तो मजूर, मग वणव्यात भाजला तो कोण?



मागच्या वर्षी होळीच्या आधी आमच्या पाड्यावरचा एक जण कुपात गेला. साग तोडताना झाड फिरलं आणि त्याच्याच अंगावर आलं. तीस वर्षांचा गडी. मागं बायको आणि तीन पोरं. तिसऱ्या दिवशी मुकादम घरी आला. हातात दोन हजार रुपये, पोतंभर तांदूळ आणि एक कोरा कागद. बाईने रडत रडत अंगठा दिला. पुढं आम्ही ऑफिसात गेलो तर तोच कागद भरलेला निघाला, "भरपाई मिळाली, तक्रार नाही." साहेब म्हणाले, आता काही होत नाही. बाई कसते त्या प्लॉटाची फाईलही त्याच ऑफिसात. मुकादम जाताना बोललाच होता, "केस करशील तर प्लॉटाचं बघ."

साहेब बोलले ते खोटं आहे. कसं खोटं आहे ते प्रत्येक पाड्यावर कळलं पाहिजे, म्हणून हे लिहितो.

कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा, म्हणजे इंग्रजाच्या वेळचा. त्यात कोणकोणत्या कामाचे मजूर धरायचे याची यादी आहे. त्या यादीत झाड तोडणं आहे, ओंडके करणं आहे, जंगलातली आग आटोक्यात आणणं आणि विझवणंही आहे. सरकारी खात्याचं काम हा त्या खात्याचा धंदाच समजायचा, असंही कायदा म्हणतो. म्हणून "आम्ही सरकार, आम्हाला लागू नाही" हे चालत नाही. आणि काम ठेक्याने दिलं असेल तरी ज्याचं काम त्याच्याकडे भरपाई मागता येते. मुकादम पळाला म्हणून मूळ मालक सुटत नाही.

मजूर मेला तर भरपाई बायकोच्या हातात देऊन भागत नाही. ती कमिशनरकडे जमा करावी लागते. बाहेर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरतच नाहीत. आगाऊ म्हणून धरले तरी फार तर तीन महिन्यांच्या मजुरीइतके. हक्क सोडल्याचा कागद कायद्याने रद्दबातल आहे, मग त्यावर एक अंगठा असो की दहा.

आता हिशोब करा. मजुरी महिना ९०० रुपये धरू. तिची निम्मी ४५०. तीस वर्षांच्या माणसाला कायद्यातला आकडा २०७.९८. गुणाकार होतो ९३,५९१ रुपये. १९९५ च्या दुरुस्तीने मजुरी कितीही कमी दाखवली तरी मृत्यूला ५०,००० च्या खाली जाता येत नव्हतं. बाईला मिळाले दोन हजार! याच कायद्यात काम करताना अंगठा तुटला तर ३० टक्के कमाई गेली असं धरतात. इथे तुटलेला नाही, नुसता शाईत बुडवलेला अंगठा घेऊन सगळीच भरपाई गिळली.

मग कायदा एवढा चांगला आहे तर आपल्याला पैसे का मिळत नाहीत? कारण कायदा आहे पुस्तकात आणि मस्टर आहे मुकादमाच्या खिशात. माणूस मेला की त्या दिवसाची त्याची हजेरीच नसते. "तो आमच्याकडे कामालाच नव्हता." नाहीतर ठरलेलं वाक्य, "दारू पिऊन होता." दारूचं निमित्त मृत्यूला चालत नाही, हे कायद्यात साफ लिहिलंय. पण ते सांगायला तिथं असतं कोण?

आणि वणव्याचं तर विचारूच नका. १९२७ च्या जंगल कायद्याने, जंगलात ज्याचे काही हक्क आहेत त्याने आग विझवायला गेलंच पाहिजे. गार्ड रात्री दार वाजवतो, आपण फांद्या घेऊन धावतो. भाजलो तर म्हणतात, ही मदत होती, मजुरी नव्हे. बोलावताना सक्ती आणि भाजल्यावर मदत? ही वेठच झाली. तिला दुसरं नाव देऊ नका.

अपिलाचं रडगाणं वेगळंच. कमिशनरचा निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत हायकोर्टात जायचं. तेही कायद्याचा मोठा प्रश्न असेल तरच. हजेरी खोटी होती, साक्षीदार दमात घेतला, हे तिथे बोलायला जागाच नाही. म्हणजे आपली खरी तक्रार जिथे आहे, तिथे अपीलच नाही. मालकाला अपील करायचं तर आधी पैसे जमा करावे लागतात, हे बरोबर आहे. पण २०१७ पर्यंत अपील चालू असताना कमिशनर ते पैसे अडवून ठेवू शकत होता. पैसे पडून राहायचे आणि पोरं सावकाराकडे गहाण पडायची.

काही जण म्हणतील, आपली लढाई जमिनीची, हे मजुरीचं मध्येच कशाला? अरे, जो प्लॉटावरून हुसकावतो तोच कुपात राबवतो. प्लॉटाची भीती घालून मजुरी बुडवतो, भुकेला ठेवून प्लॉट सोडायला लावतो. एका हाताने दोन्ही गळे धरलेत. आपण एकच सोडवून कसं भागेल?

म्हणून आपल्या मागण्या अशा :

१) मस्टर रोजच्या रोज कामावर वाचून दाखवा. त्याची नक्कल गावात ठेवा.

२) वणव्याला बोलावलं की हजेरी लागली असं धरा. भाजला, मेला तर मजुराप्रमाणे भरपाई द्या.

३) अपघात कळताच कमिशनरने स्वतः मालकाला नोटीस काढावी. कायद्यात तो अधिकार आहे, तो वापरा.

४) कमिशनरने महिन्यातून एकदा तालुक्याला, बाजाराच्या दिवशी बसावं. तोंडी अर्ज मराठीत लिहून घ्यावा.

५) निकालाला मुदत ठरवा. महिनाभरात पैसे न भरणाऱ्या मालकाला १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड आहे, तो खरोखर लावा.

६) पुराव्यावरचं अपील जिल्ह्यातच ऐका. अपील चालू असतानाही निम्मे पैसे घरच्यांना द्या.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपण काय करायचं? अपघात झाला की पंचनाम्याची नक्कल मागा. सोबत कोण कामाला होतं त्यांची नावं त्याच दिवशी वहीत उतरवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, आणि दिला असेल तर घाबरून घरी बसू नका. अर्जाला दोन वर्षांची मुदत आहे. अपघात कुठेही होवो, गुजरातच्या खाणीत का होईना, १९९५ पासून बायकोला आपण राहतो त्या भागातल्या कमिशनरकडे अर्ज करता येतो. वकील नसला तरी नोंदलेल्या युनियनचा माणूस उभा राहू शकतो.

आमच्या पाड्यावरच्या त्या बाईने अर्ज घातला आहे. चार तारखा झाल्या. समोरचे एकदाच आले. कुपावरचे तीन साक्षीदार आधी गप्प होते, आता दोघे बोलायला तयार झालेत. तिसऱ्याच्या प्लॉटाची फाईल अडकली आहे, म्हणून तो भितो. पुढच्या तारखेला तो एकटा जाणार नाही. त्याच्यामागं सगळा पाडा जाणार आहे. तुमच्या पाड्यावरून कोण येतंय ते बैठकीत सांगा.

मजुरी आमच्या हक्काची, जमीन आमच्या हक्काची!