वेतन की वेठ?

लोकप्रतिनिधींच्या पगाराचा विषय निघाला की घाटकोपर-मुलुंडकडे धावणाऱ्या लोकलच्या डब्यापासून अंधेरी-बोरिवलीच्या चाळी-सोसायट्यांपर्यंत एकच सूर ऐकू येतो : "ह्यांना पगार हवाच कशाला? राजकारण ही सेवा आहे. सेवेचे दाम मागणारा सेवक कसला?" २०२५ सालच्या मार्चमध्ये खासदारांचे मासिक वेतन एक लाख रुपयांवरून १ लाख २४ हजार रुपये झाल्याचे जाहीर झाले आणि ही वाढ १ एप्रिल २०२३ पासून, म्हणजे मागील तारखेने, लागू करण्यात आली. तेव्हा तर हा सूर अधिकच चढला. या संतापाचे कारण आम्हांस कळते. परंतु त्या भरात आमच्याच वस्त्यांतील तरुण "बिनपगारी प्रतिनिधी हवा" अशी मागणी करू लागतात, तेव्हा त्यांना थांबवून एक प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य ठरते. बंधूंनो, बिनपगारी सेवेचा हा उपदेश तुमच्या घराण्याच्या कानांवर प्रथमच पडत आहे काय?

आपल्या पूर्वजांनी तो शतकानुशतके ऐकला. वेशीची राखण करावी, सांगावे पोचवावेत, मेलेली गुरे ओढावीत, सरकारी अंमलदार गावात आला की त्याच्या दिमतीला दिवसरात्र उभे राहावे. आणि या साऱ्यासाठी पगार नाही! जमिनीचा एक तुकडा आणि दारोदार मागून आणलेली भाकर, एवढेच. या गुलामीला 'वतन' असे गोंडस नाव होते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, ते याच अन्यायावर घाव घालण्यासाठी. चाकरीचा मोबदला निश्चित व्हावा आणि ज्याला तिच्यातून सुटायचे असेल त्याला सुटता यावे, ही त्यांची मागणी होती. ते विधेयक तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

या इतिहासाने आम्हांस एक धडा दिला आहे. जगात फुकट काम दोघेच करतात : ज्याला नकार देण्याचा अधिकार नाही तो, आणि ज्याला कमावण्याची गरज नाही तो. पहिल्याला वेठबिगार म्हणतात. दुसऱ्याला त्यागी देशभक्त म्हणण्याची चाल पडली आहे. कायदेमंडळातील काम बिनपगारी केले, तर तेथे वेठबिगार जाऊ शकणार नाही; केवळ दुसराच जाईल!

इंग्लंडातील कामगारांचा अनुभव

हा आमचा तर्क नव्हे. ज्या देशाकडून आपण संसदीय पद्धती घेतली त्याचाच हा इतिहास आहे. १८३८ साली इंग्लंडातील चार्टिस्ट कामगारांनी ज्या सहा मागण्या मांडल्या, त्यांत पार्लमेंटच्या सभासदांना वेतन मिळावे ही एक मागणी होती. मताचा हक्क मिळाला तरी पोटासाठी राबणारा माणूस सभागृहात बसणार कसा, हा त्यांचा रोकडा सवाल होता. सत्तर वर्षांहून अधिक काळ त्यास उत्तर मिळाले नाही. मजूर पक्षाचे सभासद तोवर कामगार संघांच्या वर्गणीवर पार्लमेंटात टिकून राहिले. १९०९ साली ऑस्बोर्न खटल्यात लॉर्डांच्या सभागृहाने असा निवाडा दिला की, संघांनी आपला पैसा या कामी खर्चू नये. धनिकांच्या हाती जणू दाराची कडीच आली! अखेर १९११ साली लॉईड जॉर्ज यांनी सभासदांना वर्षाला ४०० पौंड वेतन सुरू केले आणि कामगारांच्या प्रतिनिधीस धनिकाशेजारच्या बाकावर स्वतःच्या बळावर बसता आले.

मुंबईच्या असेंब्लीतील वाद

आपल्या मुंबईतही हा वाद झडला आहे. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने ठरविले होते की, सरकारी नोकराचा पगार सामान्यतः ५०० रुपयांपुढे नसावा. त्यास अनुसरून १९३७ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मंत्र्यांसाठी ५०० रुपये पगाराचे विधेयक आणले; भत्त्यांची सोय निराळी होती. या त्यागाचा सर्वत्र जयघोष चालला असता २३ ऑगस्ट १९३७ रोजी बाबासाहेब असेंब्लीत उभे राहिले आणि त्यांनी या विधेयकावर टीका केली. पगार ठरविताना चार गोष्टी पाहाव्या लागतात, असे त्यांनी बजावले : सामाजिक राहणीमान, कार्यक्षमता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता. तो वाद मंत्र्यांच्या पगाराचा होता. परंतु या चार कसोट्या कोणत्याही प्रतिनिधीस लागू पडतात. त्यागाचे प्रदर्शन ही त्यांपैकी एकही कसोटी नव्हे.

पुढे संविधानाच्या १०६ व्या कलमाने संसदेच्या सभासदांना वेतन व भत्ते मिळण्याचा अधिकार दिला. १९५२ साली मुंबई उपनगर मतदारसंघातून जयश्री रायजी पहिल्या लोकसभेत गेल्या. त्याच लोकसभेच्या कारकिर्दीत, १९५४ साली, कायदा होऊन दरमहा ४०० रुपये वेतन आणि रोजचा २१ रुपये भत्ता ठरला. १९५७ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड नाशिकहून, बी. सी. कांबळे कोपरगावहून आणि गोपाळ काळूजी माने मुंबई शहर मध्यमधून लोकसभेत गेले, ते हा कायदा झाल्यावर. त्यांच्यामागे गिरण्या नव्हत्या, पेढ्या नव्हत्या, जमीनदारी नव्हती. भूमिहीनांचे गाऱ्हाणे दिल्लीत मांडणाऱ्या माणसाने तेथे राहावे कोठे आणि खावे काय? बिनपगारी सेवेचे पुरस्कर्ते याचे उत्तर देतील काय?

आक्षेप पगारावर नाही, मनमानीवर आहे

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, प्रतिनिधीस वेतन मिळालेच पाहिजे. परंतु एवढे म्हणून आम्ही थांबत नाही. ४०० रुपयांचे ते वेतन १९६४ साली ५००, १९८५ साली १,०००, १९९८ साली ४,०००, २००१ साली १२,०००, २०१० साली ५०,००० आणि २०१८ साली १ लाख रुपये झाले. रुपयाची किंमत घसरली हे खरे. परंतु दर वेळी घेणारा आणि ठरविणारा एकच होता, हेही तितकेच खरे. २०१८ पासून तर दर पाच वर्षांनी महागाईच्या निर्देशांकानुसार वाढ आपोआप मिळण्याची तजवीज झाली आहे. करोनाच्या काळात, २०२० साली, एक वर्षासाठी तीस टक्के कपात झाली, एवढाच काय तो अपवाद. आता त्याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवा. २०१७ साली केंद्राने सुचविलेले किमान वेतन दिवसाला १७६ रुपये होते. खासदारांचे निवृत्तिवेतन १९७६ साली सुरू झाले आणि २०२५ मध्ये ते ३१,००० रुपये झाले. भविष्यनिर्वाह योजनेखालील कामगाराचे किमान निवृत्तिवेतन २०१४ साली ठरले, ते दरमहा १,००० रुपये! महागाई काय केवळ दिल्लीतच वाढते? ज्या हातांनी स्वतःच्या पगाराला निर्देशांक जोडला, त्यांना उपनगराच्या गल्ल्या झाडणाऱ्या कंत्राटी कामगारासाठी तीच तत्परता का दाखविता येऊ नये?

ब्रिटनने २००९ साली कायदा करून स्वतंत्र संस्था नेमली आणि पुढे सभासदांचे वेतन ठरविण्याचे काम तिच्याकडे सोपविले. आपल्या संसदेसही असा कायदा करता येईल. १०६ वे कलम त्याच्या आड येत नाही. आड येतो तो स्वार्थ.

खरे कुलूप कोठे आहे?

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. वेतन हे गरिबासाठी सभागृहाचे दार उघडणारी किल्ली होते. पण आता दाराच्या अलीकडेच दुसरी भिंत उभी राहिली आहे. लोकसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम १९५१ च्या कायद्यात ५०० रुपये आणि अनुसूचित जातीच्या उमेदवारास २५० रुपये होती. २०१० पासून ती २५,००० आणि १२,५०० झाली. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवारास खर्चाची मर्यादा २०२२ पासून ९५ लाख रुपये आहे आणि पक्षाच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. हिशेब करा. दरमहा १ लाख २४ हजारांप्रमाणे पाच वर्षांचे वेतन होते ७४ लाख ४० हजार. म्हणजे कायद्याने मान्य केलेला खर्च जो करील, त्याचा तो खर्च पाच वर्षांच्या संपूर्ण पगारातूनही भरून निघणार नाही! मग तो पैसा देतो कोण, आणि निवडून आलेला माणूस पुढे कोणाचा चाकर होतो? पगार जनतेचा आणि चाकरी थैलीवाल्याची, ही स्थिती वतनदारीहून फारशी निराळी नाही.

धम्माचा स्वीकार करून आपण गावकीचे जू मानेवरून फेकून दिले. आता फुकट सेवेच्या गोड शब्दांनी ते राजकारणात पुन्हा मानेवर येऊ देऊ नका. प्रतिनिधीचे वेतन राहू द्या, ते स्वतंत्र संस्थेकडून ठरू द्या, आणि ते घेणाऱ्याकडून कामाचा जाब घ्या. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरापासून बोरिवलीच्या वस्त्यांपर्यंत प्रत्येक विहारात आपल्या खासदारास बोलावून विचारा, किती दिवस सभागृहात होतास, आमच्यासाठी कोणता प्रश्न मांडलास? आणि आपला माणूस निवडणुकीस उभा राहील, तेव्हा त्याचा खर्च घराघरांतून गोळा झालेल्या आपल्या पैशाने करा. ज्याचा खर्च आपण करू, त्यालाच आपण ठणकावून जाब विचारू शकू. जो स्वतःच्या प्रतिनिधीसाठी चार पैसे बाजूला काढीत नाही, त्याचा प्रतिनिधी दुसरा कोणीतरी विकत घेतो!