‘भीती काढून टाका’ म्हणणाऱ्याला फी देऊ नका



धंद्याच्या प्रत्येक सेमिनारमध्ये हे वाक्य असतंच, ‘मनातली भीती काढून टाका!’ टाळ्या पडतात, फीची पावती फाटते. माझं मत उलटं आहे. नवीन दुकान टाकणाऱ्याची भीती हा त्याच्या भांडवलाचाच भाग आहे.

ती बसते कुठे ते आधी बघा. दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, मेंदूत एकेक छोटी गाठ आहे. नाव अमिग्डाला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ बदाम, कारण आकारच तसा. (काउंटरवरच्या बरणीतला बदाम डोळ्यासमोर आणा.) एक गाठ म्हणतो खरं, पण ती लहान लहान पुंजक्यांची बनलेली आहे. आपल्याला दोन पुरे. बाजूचा नि तळाचा भाग म्हणजे आवक : डोळे, कान, आठवणी, सगळीकडचा माल तिथे उतरतो. मधला पुंजका म्हणजे जावक : तिथून हायपोथॅलॅमसला आणि मेंदूच्या देठाला निरोप जातो, मग छातीत धडधड, तळहाताला घाम. लगेच मागे हिप्पोकॅम्पस, तो जागा नि प्रसंग धरून ठेवतो. म्हणूनच उधारी बुडवलेलं गिऱ्हाईक मोंढ्यात लांबून दिसलं तरी आपल्या पोटात गोळा येतो.

आणि हो, ही गाठ म्हणजे नुसतं भीतीचं बटण, असं सांगणाराही अर्धवटच सांगतो. फायद्याची चाहूलसुद्धा ती टिपते.

आता ही गाठच निकामी झाली तर? एका दुर्मिळ आजारात तसं होतं. अशा दोन बायकांवरचा अभ्यास 2010 साली छापून आला. त्यांच्यापुढे पैशाच्या पैजा ठेवल्या. साधारण माणूस शंभर जायची शक्यता असेल तर दोनशेच्या आसपास मिळणार असल्याशिवाय हात घालत नाही. या दोघींना तोट्याची ती बोचच नव्हती. गंमत म्हणजे आकडेमोड त्यांची ठीक होती! सेमिनारवाल्याला तुमचं नेमकं हेच करायचंय.

समजा, परतूरमध्ये तुम्ही मुद्राचं ‘किशोर’ कर्ज काढलं, 5 लाख. निम्मा माल ‘सोयाबीन आल्यावर देतो’ या बोलीवर गेला. रात्री जीव घाबरा होतो, काढणीतच पाऊस लागला तर? हा प्रश्न फुकटचा सल्लागार आहे भाऊ, त्याला हाकलू नका. वहीत लिहा. कोणाकडे किती, कधीपर्यंत, नाहीच आले तर हप्ता कुठून.

पण रोजच धास्तीत जगणंही परवडत नाही. बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये (मुंबईच्या टीआयएफआरचंच केंद्र) उंदरांना दहा दिवस, रोज दोन तास जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसच्या पेशींच्या फांद्या आखडल्या, अमिग्डालाच्या वाढल्या. पुढे एकवीस दिवस आराम दिला. हिप्पोकॅम्पस सावरला, अमिग्डाला तशीच फुललेली राहिली. उंदरांवरचं माणसाला जसंच्या तसं लावू नये, पण सावकाराच्या तगाद्यात वर्ष काढलेला माणूस पुढे चांगली ऑर्डरही का नाकारतो, हे मला यातून थोडं समजतं.

म्हणून माझ्या बॅचमध्ये पहिला नियम असा : सहा महिन्यांचं भाडं नि हप्ते वेगळ्या खात्यात, मगच शटर वर. तेवढे जमले नसतील तर दुकान पुढच्या दिवाळीला टाका.