चिकटपट्टी नको रे बाबा!

बालमित्रांनो, आई-बाबांच्या लहानपणचे ‘किशोर’चे अंक तुमच्या घरी आहेत का? हे मासिक १९७१ साली सुरू झाले. म्हणजे काही अंक पन्नाशी ओलांडलेले असतील!

जुने पान फाटले की आपला हात लगेच चिकटपट्टीकडे जातो. थांबा! काही वर्षांनी पट्टी गळून पडते, पण तिचा चिकटा कागदात मुरतो आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. त्यापेक्षा सुटा तुकडा त्याच पानात ठेवा आणि अंक स्वच्छ कागदात गुंडाळा.

दुसरा शत्रू म्हणजे ओल. पावसाळ्यात बुरशी येते, पाठोपाठ कसर. चंदेरी अंगाचा हा किडा बांधणीतली खळ आवडीने खातो. म्हणून पुस्तके ओलसर भिंतीला टेकवू नका, कपाटात कोंबू नका. पावसाळा संपला की मऊ, कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वारा द्या. उन्हात नको हं, रंग उडतात!

आणि वाचायला घाबरू नका. हात धुऊन, कोरडे करून खुशाल उघडा. हाताळलेल्या पुस्तकातली कसर वेळीच दिसते. पेटीत बंद केलेले पुस्तक मात्र गुपचूप संपते. मग, या रविवारी उघडताय ना कपाट?