‘मेक’ संपले म्हणजे काम झाले असे नाही

स्वस्तात मिळालेला जुना संगणक आणि त्यावर लिनक्स, असे दृश्य आता आपल्या वस्त्यांतही दिसते. काळ्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी धडाधड वर सरकत असतात आणि मुलगी हाताची घडी घालून पाहत असते. आईला वाटते, नुसता वेळ चालला आहे. तसे नसते. ती सॉफ्टवेअर ‘कंपाईल’ करीत असते, म्हणजे माणसांनी लिहिलेल्या मूळ मजकुरापासून, सोर्स कोडपासून, यंत्राला कळणारा प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर बांधीत असते. यात एक फसवी जागा आहे. तिथे मुले हमखास अडकतात आणि स्वतःलाच ढ समजू लागतात, म्हणून हा खुलासा.

उदाहरण पायथनचे घेऊ. गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवलेल्या या भाषेचा सोर्स कोड कोणालाही विनामूल्य मिळतो, वाचता येतो, बदलता येतो. डेबियन १२ या लिनक्सबरोबर पायथन ३.११ मिळते. वर्गात ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेली ३.१३ हीच आवृत्ती मागितली, तर ती सोर्सवरून बांधणे हा एक मार्ग. (आहे त्यावर भागत असेल तर तेच वापरावे, नुसत्या हौसेपायी संध्याकाळ घालवू नये, असे माझे मत.)

आज्ञा तीन. ‘कॉन्फिगर’ संगणकात काय काय सामान आहे ते पाहते, ‘मेक’ बांधकाम करते आणि ‘मेक ऑल्टइन्स्टॉल’ तयार वस्तू जागेवर बसवते. इथे साधे ‘मेक इन्स्टॉल’ नको. त्याने नवे पायथन ‘पायथन३’ हेच नाव घेऊन बसते, आणि जुन्याला हाक मारली तरी नवेच ओ देते.

आता फसव्या जागेकडे वळू. पायथन सगळी कामे एकट्याने करीत नाही. इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीसाठी ते ओपनएसएसएलची मदत घेते, छोट्या डेटाबेससाठी एसक्यूलाइटची, दाबून लहान केलेल्या फायली उघडायला झेडलिबची, पडद्यावर खिडक्या-बटणे काढायला टीकेची. या दुसऱ्यांनी लिहिलेल्या लायब्ररी आहेत आणि बांधकामाच्या दृष्टीने त्या ऐच्छिक आहेत. सापडली तर जोडायची, नाही सापडली तर तिला वगळून पुढे जायचे. म्हणून ‘मेक’ न अडता संपते, पायथन सुरू होते, दोन अधिक दोन चारही सांगते. चार दिवसांनी ‘पिप’ने काही उतरवायला जावे, तर एसएसएल नाही. प्रकल्पाला हात घालावा, तर एसक्यूलाइट नाही. अभ्यासिकेत जिच्या वाट्याला संगणक दिवसाकाठी तासभरच येतो, तिचा तो तास असा जातो.

आम्हा हिशेब लिहिणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. एखादा व्यवहार नावे आणि जमा दोन्हीकडे लिहायचाच राहिला, तरी तेरीज बिनचूक जुळते. जुळलेली तेरीज पाहून वही मिटणारा कारकून पुढे गोत्यात येतो.

तरी पायथन अगदी मुके नाही. ‘मेक’च्या अखेरीस, सरकून गेलेल्या ओळींच्या तळाशी, कोणकोणत्या ऐच्छिक भागांसाठी सामान सापडले नाही त्यांची यादी ते छापते. ती वाचायचीच.

मग मुले विचारतात, “ओपनएसएसएल तर संगणकात आधीपासून आहे, मग सापडत कसे नाही?” प्रश्न रास्त आहे. तयार सदरा घालणाऱ्याला मापांची वही लागत नाही, शिंप्याला लागते. लायब्ररी वापरण्यापुरती संगणकात असते, पण तिच्याशी जोडून नवे काही बांधायचे तर तिच्या हेडर फायली हव्यात, आणि त्या वेगळ्या पॅकेजात येतात. डेबियन, उबुंटूवर अशा पॅकेजच्या नावाला शेवटी ‘डेव्ह’ असते, जसे ‘लिबएसएसएल-डेव्ह’, ‘लिबएसक्यूलाइट३-डेव्ह’, ‘टीके-डेव्ह’. फेडोरावर ‘डेव्हेल’. ती बसवल्यावर ‘मेक क्लीन’ करून ‘कॉन्फिगर’ पुन्हा चालवावे, कारण आधीची पाहणी आता शिळी झालेली असते.

जुन्या लिनक्सवर आणखी एक अडचण येते. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून पायथनला ओपनएसएसएल १.१.१ किंवा त्यापुढचे लागते. सेंटओएस ७ मध्ये मूळचे १.०.२ आहे. तिथे हेडर फायली असूनही एसएसएल वगळले जाते. अशा वेळी मुलीची काही चूक नसते; लिनक्सच नवे घालावे.

बसवण्यापूर्वीच परीक्षा घेता येते. नवे पायथन सोर्सच्या फोल्डरातच तयार असते. ते तिथूनच सुरू करून ‘इम्पोर्ट एसएसएल’ लिहावे, मग एसक्यूलाइट३, झेडलिब, टीकेइंटर. काहीच उत्तर न येता पुढची ओळ आली तर तो भाग आहे. टीकेइंटर नसले तर एखादे वेळी चालवून घ्यावे. एसएसएल आणि झेडलिब यांच्यावाचून मात्र ‘ऑल्टइन्स्टॉल’ची आज्ञा देऊ नये.