मधल्या माणसाचा घसा

मंडळी, मी आयुष्यभर मराठी शिकवलं. वायरलेसवर बोलायचा माझा अधिकार शून्य. पण फोंडाघाटात, घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला मोबाईलच्या रेंजबद्दल मत असतंच!

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं पडली, खांब पडले, वीज गेली. शेजारच्या वाडीत एका म्हाताऱ्यांना धाप लागली. मुलगा गाडीसाठी फोन लावतोय, लावतोय... लागेना. जवळच्या टॉवरचा जनरेटर तर धडधडत होता, मोबाईलवर रेंजच्या कांड्याही दिसत होत्या! शेवटी पोरगा मोटरसायकल घेऊन पडलेल्या झाडांतून वाट काढत गेला. म्हातारे वाचले, पण ते नशिबाने.

पुढे माझ्या पुतण्याने उलगडा केला. "काका, टॉवरवर ढोलासारखे गोल डबे असतात ना, ते पुढच्या टॉवरशी बोलतात. जिथे केबल नाही तिथे निरोप असाच टॉवरवरून टॉवरवर जातो. मधला एक बंद पडला की पलीकडचे चालू असून फुकट."

आमच्या लहानपणी असंच होतं की! या वाडीतून त्या वाडीत कुकारे घालून निरोप जायचा. मध्ये टेपावर एक जण उभा राही, तो ऐकून पुढे ओरडे. त्याचा घसा बसला की निरोप तिथेच अडकला. पहिल्याने कितीही बोंब मारली तरी काय उपयोग?

आता थोडं गणित. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं तर ताकद चौपट लागते. म्हणजे चार किलोमीटर एका दमात गाठायला सोळा भाग लागत असतील, तर बरोबर मध्ये एक जण उभा केल्यावर चार आणि चार, आठातच काम होतं. पण तो एका किलोमीटरवर असला तर? पहिल्याला एक भाग पुरे, मधल्याला तीन किलोमीटरसाठी नऊ लागतात. तिथे दहा भाग "समान न्यायाने" पाच-पाच वाटले, तर पहिल्याचे चार वाया आणि मधल्याला चार कमी. निरोप पोचत नाही तो नाहीच.

माझं म्हणणं एवढंच, की सारखी वाटणी म्हणजे न्याय नव्हे. ज्या टॉवरच्या खांद्यावर पुढच्या चार गावांचे निरोप आहेत, त्याला मोठी बॅटरी द्या, डिझेल आधी द्या. आणि तेही पावसाआधी. रस्त्यावर झाडं आडवी झाल्यावर डोंगरावर डिझेल कोण नेणार? आषाढातल्या आमच्या आभाळात सोलरचाही भरवसा नाही. यात बाजारपेठेतला टॉवर तासभर आधी बंद पडला तर पडू दे. मी बाजारपेठेजवळच राहतो, तरीही म्हणतो.

वर्गातही मी कित्येक वर्षं सगळ्यांना सारखाच वेळ दिला आणि त्याला न्याय समजलो. असो. तुम्हाला काय वाटतं?