गुन्हा कबूल करण्याआधी दुसऱ्या वकिलालाही विचारा

अमेरिकेत मालवाहतुकीतल्या चोरीच्या प्रकरणात एखादा परदेशी नागरिक सापडला, की त्याला दोन खटले भोगावे लागतात. पहिला सगळ्यांना दिसतो: पोलीस, वकील, न्यायाधीश, शिक्षा. दुसरा इमिग्रेशन कोर्टात चालतो, आणि पुष्कळदा तो पहिल्यातून ‘सुटलो बुवा’ म्हणून श्वास टाकल्यावर सुरू होतो. तिकडे शिकणाऱ्या, एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्या, ग्रीनकार्ड मिळालेल्या आपल्या माणसांनी, आणि इकडे त्यांच्या काळजीत असलेल्या आईवडिलांनी, हा दुसरा खटला वेळेवर समजून घ्यावा.

मालाची चोरी म्हटलं की रात्री कंटेनरचं कुलूप तोडणारी टोळी डोळ्यांसमोर येते. तशा चोऱ्या अजून होतात, पण हल्ली बराच माल कागदोपत्री पळवला जातो. खऱ्या वाहतूक कंपनीचं नाव लावून ऑनलाइन लोड घ्यायचा, बनावट कागद दाखवून ट्रेलर भरायचा आणि वाटेत पत्ता बदलून भलत्याच गोदामात रिकामा करायचा. म्होरक्या क्वचितच हाती लागतो. सापडतो तो रोख पैशांवर एक खेप मारणारा ड्रायव्हर, गोदामात माल उतरवून घेणारा पोरगा, नाहीतर ‘घरबसल्या पार्सलं पुढे पाठवा’ या जाहिरातीला भुललेला विद्यार्थी. (विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय असं काम करणं हाच मुळात अटींचा भंग, ते वेगळंच.) माल चोरीचा आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारी वकिलाला सिद्ध करावं लागतं, हे खरं. पण ऐन वाटेत बदललेला पत्ता, निम्म्या भावातले सीलबंद लॅपटॉप आणि फोनमधले मेसेज समोर आले, की ‘मला काय माहीत’ हे ज्युरीच्या गळी उतरत नाही.

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात किंवा परदेशी जाणारा माल चोरणं, किंवा चोरीचा आहे हे जाणून तो घेणं वा जवळ ठेवणं, हा तिथे केंद्रीय गुन्हा आहे. माल हजार डॉलरचा किंवा त्याहून जास्त असेल, तर १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कमी असेल तर ३ वर्षांपर्यंत.

आता इमिग्रेशनचा हिशेब. चोरीच्या किंवा चोरीचा माल घेण्याच्या गुन्ह्यात एक वर्ष किंवा अधिक शिक्षा झाली, तर तो ‘ॲग्रव्हेटेड फेलनी’ ठरतो. १९९६ पूर्वी ही मर्यादा पाच वर्षांची होती. शिक्षा स्थगित ठेवली तरी ती पूर्ण मोजतात. म्हणजे न्यायाधीशाने ३६५ दिवस सुनावले आणि सगळे स्थगित केले, तर आरोपी त्याच संध्याकाळी घरी जेवायला बसतो. पण इमिग्रेशनच्या लेखी त्याला वर्षाची शिक्षा झालेली असते. मग ग्रीनकार्डवाल्यालाही हद्दपारी थांबवण्याचे बहुतेक मार्ग बंद होतात, आश्रयाचा अर्ज आणि नागरिकत्वही हातचं जातं. बायको-मुलं अमेरिकन नागरिक असली तरी हे चुकत नाही. हीच शिक्षा ३६४ दिवसांची असती, तर निदान या कलमाखालून माणूस निसटला असता. एका दिवसावर सगळं आयुष्य टांगणारा हा कायदा मला अघोरी वाटतो, पण तो आहे.

शिवाय चोरी हा साधारणपणे नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानतात. देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांत तो केला आणि त्या गुन्ह्याला एक वर्ष शिक्षा होऊ शकत असेल, तर प्रत्यक्षात तुरुंग न पाहताही हद्दपारी येऊ शकते. आणि बनावट कागदांवर माल उचलला असेल तर प्रकरण फसवणुकीत जातं. तिथे शिक्षेची लांबी बघत नाहीत. नुकसान १० हजार डॉलरच्या वर गेलं की पुरे. इलेक्ट्रॉनिक्सचा एक ट्रेलर याच्या कितीतरी पुढे जातो. भारतातून गेलेल्या निझावन यांच्या खटल्यात ज्युरीने नुकसानीचा आकडा ठरवलाच नव्हता, तरी इमिग्रेशन कोर्ट तो मूळ खटल्याच्या कागदांवरून ठरवू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं. म्हणून भरपाईच्या कागदावर सही करताना त्यातला आकडाही बघा.

होजे पडिया ट्रक चालवायचा. होंडुरासचा, चाळीस वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत कायदेशीर, तिथल्या सैन्यात राहिलेला. ट्रकमध्ये गांजा सापडला. इतकी वर्षं इथे आहेस, इमिग्रेशनची चिंता नको, असं वकिलाने सांगितल्यामुळे आपण गुन्हा कबूल केला आणि हद्दपारी ओढवली, असं त्याचं म्हणणं होतं. कबुलीने हद्दपारी होऊ शकते हे अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे, असा निकाल २०१० मध्ये त्याच्याच खटल्यात लागला. पण पुष्कळ फौजदारी वकिलांना इमिग्रेशनचे बारकावे ठाऊक नसतात. तेव्हा कबुलीआधी इमिग्रेशन वकिलाचं मत लेखी घ्या. आधी कबुली देऊन अट पाळल्यावर खटला मिटवण्याची तडजोडही इमिग्रेशनच्या दृष्टीने दोषसिद्धीच ठरू शकते, हेही विचारून घ्या.

‘डंकी’च्या, म्हणजे बेकायदा, वाटेने गेलेल्यांसाठी तर जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्यानंतर चोरीच्या आरोपाखाली नुसती अटकही पुरते, दोष सिद्ध होण्याआधीच इमिग्रेशनची कोठडी. व्हिसाधारकाचा व्हिसाही अटकेवरून रद्द होऊ शकतो.

जुनं प्रकरण मिटलेलं असलं तरी वकिलाला विचारल्याशिवाय लग्नकार्यासाठी भारतात येऊ नका. परतताना विमानतळावर ग्रीनकार्डवाल्यालाही नव्याने प्रवेश मागणारा समजून अडवता येतं. अटक झालीच, तर वकील येईपर्यंत गप्प राहा, न समजलेल्या कागदावर सही करू नका आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. इमिग्रेशन कोर्टात सरकार सहसा फुकट वकील देत नाही, तो खर्च घरच्यांनी धरून ठेवावा. आणि पुण्या-नागपुरातल्या आईवडिलांनी मुलाच्या पासपोर्टची, व्हिसाची प्रत घरी ठेवावी आणि असल्यास त्याचा ‘ए-नंबर’, म्हणजे इमिग्रेशन खात्यातला ओळख क्रमांक, आजच लिहून ठेवावा. कोठडीत गेलेला माणूस नेमका कुठे आहे, हे त्या नंबरावरून सर्वांत लवकर सापडतं.